उभे राहण्याची तीन मिनिटे

डॉ. प्रभाताई ढोमणे यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी आडवा पडलेलो होतो. त्यांनीच मला आडवे केले होते. नागपूरच्या नंदनवन भागातल्या त्यांच्या दवाखान्यात, खिडकीजवळच्या लाकडी कॉटवर, "दहा मिनिटं स्वस्थ पडून राहा, बोलू नका," असे सांगून त्या दुसऱ्या रुग्णाकडे निघून गेल्या. या गोष्टीला आता पंचवीस वर्षे होतील. खिडकीबाहेर कडुलिंब होता आणि त्याची सावली भिंतीवर हलत होती, एवढे मला स्पष्ट आठवते. डॉक्टरकडे जाऊन नुसते पडून राहायचे, हा अनुभव मला नवा होता.

मी त्या वेळी महाल भागातल्या एका शाळेत मराठी शिकवत असे. मधुमेह जुना होता. गेले वर्षभर असे होई की, वर्गात कविता म्हणायला उभा राहिलो की दुसऱ्या-तिसऱ्या कडव्याला डोळ्यांपुढे अंधारी येई, फळा लांब जाई, मुलांचे आवाज पाण्याखालून आल्यासारखे वाटत. आता सांगायला संकोच वाटतो, पण मला या प्रकाराचे काहीच वाटत नसे. मला वाटे, हा कवितेचाच परिणाम. लहानपणी सकाळच्या पहिल्या तासाला सगळा वर्ग एका सुरात कविता म्हणायचा, तेव्हाही अशीच गुंगी येत असे. खाकी कव्हर घातलेली पुस्तके, दौतीचा वास, आणि पन्नास पोरांचा तो एक हेल! इतक्या वर्षांनी ती गुंगी परत आली म्हणून मी मनातून सुखावलोच होतो. एके दिवशी टेबलावर आदळून कपाळ फुटले तेव्हा सौभाग्यवतींनी हाताला धरून प्रभाताईंकडे नेले.

दहा मिनिटांनी त्या परत आल्या. पडल्या-पडल्या रक्तदाब मोजला, मग उभे केले, भिंतीला टेकू दिले नाही, आणि तीन मिनिटे घड्याळाकडे पाहत थांबल्या. पुन्हा मोजला. मग विचारले, "गुरुजी, ही भोवळ गद्य शिकवतानाही येते का?"

"नाही हो. कवितेलाच येते."

"गद्य कसं शिकवता? उभं राहून?"

मी विचार केला. गद्य आणि व्याकरण मी खुर्चीत बसून शिकवत होतो.

"मग कवितेचा दोष नाही," त्या शांतपणे म्हणाल्या, "उभं राहण्याचा आहे."

माझ्या एका रम्य समजुतीचा त्यांनी असा एका वाक्यात निकाल लावला. औषध म्हणून काय दिले, तर माझ्या रक्तदाबाच्या एका गोळीची वेळ बदलली, उठण्याआधी तांब्याभर पाणी प्यायला सांगितले, अंथरुणातून एकदम न उठता आधी कडेला बसायला सांगितले, आणि पलंगाच्या उशाकडच्या दोन पायांखाली विटा ठेवायला लावल्या. शेजारचे लोक विटा पाहून विचारीत, "गुरुजी, हा काय तोटका?" तोटका नव्हता. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी सगळ्या कविता उभ्यानेच शिकवल्या.

प्रभाताई काटोलकडच्या. वडिलांची संत्र्याची बाग होती. आपला विषय त्या रुग्णांना बागेच्याच भाषेत सांगतात. "ओलित करताना एक माणूस पाणी वळवत असतो. वरच्या वाफ्याला पाणी गेलं पाहिजे म्हणून तो खालच्या वाफ्याकडे पाणी नेणारा दांड बुजवतो. त्याला कोणी सांगावं लागत नाही. आपल्या अंगातही तसा एक पाणी वळवणारा आहे. तुम्ही उभे राहता, रक्त पायात उतरतं, तो लगेच पायांकडच्या वाटा आवळतो, काळजाला घाई करायला सांगतो. डोक्याकडे रक्त जात राहतं, तुम्हाला पत्ताही लागत नाही. हा माणूस झोपला, की वरचा वाफा सुकला." पुस्तकात या व्यवस्थेला स्वायत्त मज्जासंस्था म्हणतात. मी आयुष्यभर शब्दांत वावरलो, पण तो जड शब्द मला या दांडाच्या आणि वाफ्याच्या वाटेनेच कळला.

हा पाणी वळवणारा बिघडला की एकाच ठिकाणी बिघडत नाही. जुन्या मधुमेहात जेवण पोटात तासन् तास पडून राहते, पाय कोरडे पडतात आणि जेवताना मात्र कपाळावर घामाच्या धारा लागतात. कंपवाताच्या काही रुग्णांत हात थरथरण्याच्या कितीतरी आधी पोट कुरकुर करू लागते. तापातून उठलेल्या एखाद्या तरुण मुलीची नाडी नुसते उभे राहिल्यावर धावत सुटते आणि घरचे म्हणतात, कामाच्या वेळी बरे हिला होते! लघवीचे, पोट साफ होण्याचे, घामाचे प्रश्न विचारायला भले-भले डॉक्टर घाई करतात. प्रभाताई ते प्रश्न, कोणत्या गावचे तुम्ही, इतक्या सहजपणे विचारतात आणि उत्तर येईपर्यंत थांबतात. मधुमेहात छातीतली कळही मुकी होऊ शकते, हे त्या प्रत्येकाला बजावून सांगतात. त्यांचे वडील एका दुपारी बागेत झाडाखाली बसले ते उठलेच नाहीत. दुखते आहे असे ते कोणाला म्हणालेच नव्हते. ही गोष्ट ताईंनी मला एकदाच सांगितली, आणि सांगून झाल्यावर पुढचा रुग्ण बोलावला.

त्यांचे एक वाक्य मी वहीत लिहून ठेवले आहे: "ज्या दुखण्याची जखम दिसत नाही, त्याचं लोक स्वभावात रूपांतर करतात." कोणी आळशी ठरतो, कोणी नाटकी, कोणी भित्रा. गजानन दारुडा ठरला. त्याला तसे ठरवण्यात माझा हात होता, म्हणून ती हकीकत मीच लिहिली पाहिजे.

निवृत्तीनंतर मंगळवारी आणि शुक्रवारी मी दवाखान्यात मदतीला जाऊ लागलो. मराठीत सूचनापत्रे लिहून द्यायची, आणि उभे राहण्याच्या तपासणीच्या वेळी रुग्णाजवळ थांबायचे. त्या तीन मिनिटांत ताईंची नजर पाऱ्यावर आणि कान नळीत. रुग्णाचा चेहरा आणि पाय यांवर लक्ष ठेवायचे काम माझे. तो डगमगला तर धरायचा, हलला तर "स्थिर राहा" म्हणायचे.

तीन मिनिटे म्हणजे किती मोठा काळ असतो, ते नुसते उभे राहिल्याशिवाय कळत नाही. रुग्ण घाबरत, घड्याळाकडे पाहत, कंटाळत. एका मंगळवारी मी सहज एक कविता म्हणू लागलो. आमच्या वेळच्या सातवीच्या पुस्तकातली, घोड्याच्या टापांच्या चालीची. कोणती ते सांगत नाही. आमच्या पिढीच्या लोकांना ओळखायला वेळ लागणार नाही. आठ कडवी बरोबर तीन मिनिटांत बसत. रुग्णांचे चेहरे सैल झाले. ताई हसल्या, त्यांनी मला थांबवले नाही. पुढे तो दवाखान्याचा रिवाजच झाला.

गजानन हिंगण्याच्या एका कारखान्यात डब्यांची झाकणे कापण्याच्या मशीनवर कामाला होता. चाळिशी ओलांडलेला, मधुमेह बरीच वर्षे, बोलणे कमी. दोन महिन्यांत तो दोनदा मशीनपाशी उभ्या-उभ्या कोसळला. दुसऱ्या वेळी हात पात्याखाली जाता-जाता वाचला. सुपरवायझरने त्याला घरी बसवले आणि सांगितले, मोठ्या डॉक्टरचे पत्र आण. रोग असला तर काम बदलून देऊ, रोग नसला तर आम्ही काय समजायचे ते समजू.

तो बायकोला, सुनंदाला, घेऊन आला. ताईंनी त्याला आठवड्याच्या अंतराने दोनदा तपासले. मी दोन्ही वेळा कविता म्हटली. पहिल्या कडव्यालाच गजाननचा चेहरा उजळला. "गुरुजी, आमच्या मास्तरनं हेच शिकवली होती आमाले," म्हणाला, आणि माझ्याबरोबर पुटपुटू लागला. पारा जागचा हलला नाही. ताईंनी पत्र लिहिले: उभे राहिल्यावर रक्तदाबात घट आढळली नाही, पुढील तपासण्या आवश्यक आहेत. कारखान्यात त्यातले पहिले अर्धे वाक्यच वाचले गेले.

चार दिवसांनी सुनंदा दवाखान्यात शिरली. मागे गजानन, मान खाली.

"बाई, तुमच्या कागदानं आमचं घर बुडवलं!"

"काय झालं वं? आधी बस तर खरी."

"बसाले नाई आली मी. काईच नाई म्हणून लिहिलं तुमी. आता सारे म्हंतेत, रोग नाई म्हंजे दारू. गेटवर, बसमंधी, आमच्या गल्लीत, सारीकडं तेच. ज्या माणसानं सोताच्या लग्नात सरबत सोडून काई पेलं नाई, त्याले दारुड्या म्हणून राहिले लोक! मले सांगा, मंग हे पडतेत काहून?"

"राहू दे न," गजानन म्हणाला.

"तुमी चूप राहा जी. मशीनपाशी पडता अन् बोलाच्या वक्ताले उभे राहता." मग माझ्याकडे वळून, "अन् इथं कसे पडतीन हे? गुरुजी कविता म्हंतेत अन् हे घोड्यावानी पाय आपटतेत. तिथं मशीनपाशी कोन कविता म्हणून राहिलं यायच्यासाठी?"

ताईंचा लिहिता हात थांबला. "काय म्हणालीस? पाय?"

"हो न. दोनी खेपेले. मी त्या बाकावरच बसली होती. मले वाटलं, तपासनी अशीच असते."

ताईंनी माझ्याकडे पाहिले. कविता रंगली की माझे डोळे मिटतात. शाळेत मिटत, घरी मिटतात, तिथेही मिटले होते. ज्या पायांवर लक्ष ठेवायला मला उभे केले होते, ते पाय माझ्याच तालावर हलत होते आणि मी डोळे मिटून घोडे दौडवत होतो. पाय हलले की पोटऱ्यांचे स्नायू पायातले रक्त पिळून वर ढकलतात. झोपलेल्या पाणी वळवणाऱ्याचे काम तेवढ्यापुरते पोटऱ्यांनीच केले होते. पारा खाली येणार कसा?

ताईंनी मला एक शब्दही रागाचा म्हटला नाही. गजाननला कॉटवर निजवले, दहा मिनिटे थांबल्या, मग उभे केले. "हलायचं नाही, बोलायचं नाही." मी तोंड घट्ट मिटून, डोळे उघडे ठेवून त्याच्या पायांकडे पाहत होतो. त्या खोलीत होती तेवढी शांतता मी कोणत्याही वर्गात अनुभवली नव्हती. पहिले मिनिट गेले. दुसऱ्या मिनिटाच्या अखेरीस त्याचे ओठ पांढरे पडले.

"बाई, अंधारून येऊन राहिलं..."

पारा वेगाने खाली येत होता. ताईंनी मोजून घेतले आणि आम्ही दोघांनी त्याला धरून निजवले, पाय स्टुलावर उंच ठेवले. सुनंदा बाकावरून धावत आली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ती हसत होती. "पडले! पाहा, पडले न बाई! मी म्हणत नव्हती?" नवरा कोसळल्याचे इतक्या आनंदाने सांगणारी बाई मी त्याआधी पाहिली नव्हती. गजानन निजल्या-निजल्या म्हणाला, "अवं, मेलो असतो त काय पेढे वाटले असते?"

त्याच बैठकीत ताईंनी दुसरे पत्र लिहायला घेतले. मी म्हणालो, "ताई, चूक माझी आहे. माझं नाव लिहा. मदतनिसाच्या हलगर्जीपणामुळे, असं लिहा."

"गुरुजी, कविता तुमची, तपासणी माझी." आणि त्यांनी लिहिले: "यापूर्वीच्या दोन्ही तपासण्या माझ्या चुकीमुळे सदोष झाल्या. त्यांवर विसंबू नये."

दुसऱ्या दिवशी दुपारी पाळी सुटण्याच्या वेळेला त्या स्वतः हिंगण्याला गेल्या. रिक्षात त्यांच्याबरोबर मी आणि गजानन होतो. मॅनेजर सभ्य गृहस्थ होते. पत्र वाचून म्हणाले, "मॅडम, तुम्ही यायची गरज नव्हती. मी याला पॅकिंगच्या टेबलावर बसून काम देतो. विषय संपला." चहा आला. ताईंनी चहा घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "काम तुम्ही दिलंत, उपकार झाले. पण याचं नाव या केबिनमध्ये खराब झालेलं नाही. ते जिथं झालं तिथं मला दोन मिनिटं द्या."

कंपनीच्या बसपाशी माणसे जमली होती. डबे हातात, मोटारसायकली सुरू होत होत्या. पांढऱ्या पातळातल्या, केस पिकलेल्या ताई गेटजवळच्या ओट्यावर चढल्या. त्यांचा आवाज मोठा नाही. लोकांनीच गाड्या बंद केल्या.

"मी डॉक्टर आहे. या गजाननला काही झालेलं नाही, असं मी लिहून दिलं होतं. ते चुकलं. मी चुकले. याला उभ्यानं अंधारी येते, कारण साखरेच्या रोगानं याच्या आतल्या नसा थकल्या आहेत. हा दारू पीत नाही. ज्यांनी ज्यांनी तसं म्हटलं, त्यांनी माझ्या कागदामुळं म्हटलं. म्हणून मी सांगायला आले."

मग मागून एकजण ओरडला, "बाई, आमी बी शनिवारी पडतो, आमालेबी असा कागद द्या न!"

"देते की. पण तुझा कागद मी तोंडाचा वास घेऊन देईन. ये जवळ."

जो हशा उठला! ओरडणाऱ्याला बाकीच्यांनी पुढे ढकलले, तो पळाला. एका म्हाताऱ्या कामगाराने येऊन गजाननच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "काहून बोलला नाही गा आधी?" गजानन हसला. इतक्या दिवसांत तो हसलेला मी प्रथमच पाहिला. परत येताना ताई रिक्षाबाहेर पाहत होत्या. एवढेच म्हणाल्या, "गुरुजी, आता रजिस्टर काढा."

रजिस्टर काढायचे म्हणजे काय, ते मला दवाखान्यात गेल्यावर कळले. ज्या मंगळवारी मी पहिल्यांदा कविता म्हटली, तेव्हापासून उभे राहण्याची तपासणी झालेल्या प्रत्येकाला पुन्हा बोलवायचे. मी फोन केले, ज्यांचा फोन लागला नाही त्यांच्या घरी गेलो. येणाऱ्या प्रत्येकाला ताई स्वतः सांगत, "मागची तपासणी आमच्याकडून बिघडली, पुन्हा करायची आहे." काहींचे निकाल बदलले. एक गृहस्थ चिडले, बरेच काही बोलले. ताईंनी ते ऐकून घेतले आणि मग म्हणाल्या, "आता झोपा, दहा मिनिटं." हे काम संपायला दीड महिना लागला. या काळात एकदाही त्यांनी मला, तुमच्यामुळे हे करावे लागते आहे, असे नजरेनेही सुचवले नाही. उलट पाय हलवून, पोटऱ्या आवळून अंधारी कशी थोपवावी, याचे सूचनापत्र मला लिहायला सांगितले. "तपासणीत जी चूक, तीच घरी औषध आहे," म्हणाल्या. "नीट लिहा. सोप्या शब्दांत." ते पत्र आजही दवाखान्यात वाटले जाते. तपासणीच्या खोलीत मात्र मी तोंड उघडत नाही.

प्रभाताईंच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात त्यांच्या विद्वत्तेविषयी जाणकारांनी लिहिले असेलच. त्यांचे विद्यार्थी आज दूरदूरच्या शहरांत नाव कमावून आहेत. मला त्यातले कळत नाही. रोगाचे निदान करणारे पुष्कळ असतात आणि नागपुरात तर फारच आहेत. आपण चुकलो हे बंद पाकिटात लिहून देणारेही थोडे-फार भेटतील. पण आपल्या चुकीने ज्याचे नाव गेले, त्याचे नाव जिथे गेले तिथे जाऊन परत आणून देणारे माणूस मी माझ्या आयुष्यात हे एकच पाहिले. सत्कार, शाल, श्रीफळ या गोष्टींना त्या कंटाळतात हे मला ठाऊक आहे. तरी हे लिहिले, कारण मी नसताना ही हकीकत लिहून ठेवणारे कोणी उरणार नाही.

या लेखाच्या शेवटी शुभेच्छा लिहायच्या म्हणून मी काल हिंगण्याला गजाननकडे गेलो होतो. तो पॅकिंगच्या टेबलावर अजून कामाला आहे, आणि सुनंदा होती तशीच आहे. मी तिला विचारले, ताईंसाठी काय लिहू? शतायुषी व्हा, असे लिहू का?

तिने हातातले काम थांबवले नाही. म्हणाली, "शंभर-बिंबर काय मोजून राहिले गुरुजी! लिहा, हात-पाय धड राहो बाईचे, डोळे चांगले राहो. अन् आमी हाओ तोवर त्याइनं राहावं. मंग त्याइची मर्जी."

मी तिचा शब्दही बदललेला नाही. ताई, हीच आम्हा सर्वांची इच्छा समजावी.